ज्या जागेत श्रावणात पीक उभे नसते

जन्मभर मी कारकुनी केली. हजारो कागद लिहिले, आणि त्यातला एखादा कुणी दुसऱ्यांदा उघडून वाचला असेल असं मला वाटत नाही. अपवाद एका वाक्याचा. ते वाक्य तालुक्यातल्या प्रत्येक तलाठ्याने वाचलं, पाठ केलं आणि इमानेइतबारे वापरलं. ते मी लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. मला कुणी विचारलंच नसतं तर आणखी बरं झालं असतं, पण विचारल्यावर गप्प बसण्याचा गुण माझ्या अंगी नव्हता.

पन्नास सालानंतरची गोष्ट आहे. मी रत्नागिरीच्या कचेरीत नवा कारकून होतो. मिरकरवाड्याच्या अंगाला एका खोलीत राहत होतो, धुतलेल्या सदऱ्यालाही सुक्या मासळीचा वास यायचा आणि तो सदरा घालून मी कचेरीत ऐटीत बसायचो. गाव हातखंब्याला मोटारीतून उतरल्यावर नदीच्या अंगाने दोन तास चालत. आमच्या वाडीतला सातवीची फायनल पास झालेला मी पहिलाच. त्यामुळे गावात गेलो की लोक मला कागद वाचायला आणून देत आणि मी तो आधी मनात वाचून, मान हलवून, मग मोठ्याने वाचत असे. ती मान हलवण्याची सवय आठवली की मला आता माझाच राग येतो.

त्या दिवसांत कूळकायद्याची धामधूम होती. जो जमीन कसतो त्याच्या नावावर ती होणार, असा बोलबाला होता. आमच्या लोकांचा त्यावर निम्मा विश्वास होता. पण कायदा जमीन देणार म्हटल्यावर आधी जमीन कशाला म्हणायचं हे ठरवायला हवं. कातळ ही जमीन नव्हे, डोंगरमाथ्याचा उघडा सडा ही जमीन नव्हे, खाडीची पुळण ही जमीन नव्हे. कसता न येणाऱ्या अशा सगळ्या जागा पोटखराबा म्हणून वेगळ्या काढायच्या, त्यांना कूळ नाही की मालक नाही. वरून एक इंग्रजी कागद आला, त्यात अशा जागांची यादी होती आणि त्या यादीत घळ होती. घळ म्हणजे नेमकं काय ते मात्र इथल्या जमिनीप्रमाणे इथल्या अधिकाऱ्याने मराठीत लिहून तलाठ्यांना कळवायचं होतं.

आमचे साहेब देशावरचे. सरळ माणूस. कुणाकडून आंब्याची पेटी घेतली नाही, कुणाला खोटं आश्वासन दिलं नाही. वाईट माणूस असता तर मला त्याच्यावर मनसोक्त रागावता आलं असतं, साहेबांनी मला तेवढंही सुख दिलं नाही.

त्यांनी मला बोलावलं. "कारकून, तुम्ही इथले. आमच्याकडे ओढा असतो, नाला असतो. ही घळ म्हणजे काय भानगड आहे?"

झालं. कचेरीत सात जण माझ्यापेक्षा जुने बसलेले, आणि साहेबांनी मला विचारलं. माझी छाती फुगली.

"साहेब, दोन्ही कडा माणसाच्या डोक्याच्या वर गेल्या की ती घळ."

"म्हणजे किती फूट?"

"सहा लिहा."

साहेबांनी मला खालून वर पाहिलं. "तुमचं डोकं सहा फुटांवर आहे होय? बरं, सहा लिहितो. पुढे?"

"उतार असा की नांगर चालत नाही. तळाला दगडगोटे. पावसात मधून व्हाळ वाहतो."

"तलाठ्याने ओळखायची कशी? तो काही टेप घेऊन खाली उतरणार नाही."

साहेबांना तलाठी चांगले ठाऊक होते. इथेच मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणालो, "त्यात काय अवघड आहे, साहेब? श्रावणात जायचं आणि कडेवर उभं राहून खाली बघायचं. भात दिसलं तर शेत, पाणी दिसलं तर घळ."

साहेबांनी टेबलावर हात मारला. असं सुटसुटीत उत्तर त्यांना गेल्या महिनाभरात मिळालं नव्हतं. त्यांच्या सांगण्यावरून मी ते माझ्या वळणदार अक्षरात लिहून काढलं, आणि शेवटचं वाक्य असं झालं: ज्या जागेत श्रावणात पीक उभे नसते व पाणी वाहते, ती जागा घळ समजावी. कागद वर गेला, मंजूर होऊन आला आणि गावोगाव वाटला गेला. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं लोक म्हणतात. माझी चूक मात्र पंधरा दिवसांत शिक्क्यासकट परत आली.

त्या आनंदात मी कोपऱ्यावर जाऊन चहा प्यालो, हेही सांगून टाकतो.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मला वडिलांच्या बहिणीने वाढवलं. आत्याचा नवरा गलबतावर खलाशी होता. गलबत खाडीकाठच्या एका मुसलमान नाखव्याचं. एका वर्षी ते मलबारकडून परत आलं, पण आत्याचा नवरा आला नाही. समुद्रात पडला एवढंच कळलं. नाखवा स्वतः आमच्या वाडीत आला आणि पडवीत बराच वेळ मान खाली घालून बसला. आमच्या वाडीलगत त्याच्या मालकीची डोंगरउताराची जमीन होती आणि तिच्या मधोमध एक घळ होती. जाताना तो आत्याला म्हणाला, "ह्या घळीत काय करता येत असेल तर कर. मी कधी विचारायला यायचो नाय."

घळीत तेव्हा दगड आणि करवंदीशिवाय काही नव्हतं. आत्याने आणि माझ्या वडिलांनी तिच्यात आडवे गडगे घातले. गडगा म्हणजे मातीशिवाय रचलेली दगडांची भिंत. पावसात वरून माती वाहत येते, ती गडग्यामागे अडते. दुसऱ्या वर्षी गडगा थोडा वर चढवायचा, आणखी माती अडते. अशी दहा-बारा वर्षं गेली तेव्हा घळीच्या तळाला पायऱ्यापायऱ्यांचे सात कुणगे तयार झाले. कुणगा म्हणजे भाताचा वाफा, आमचे असे की त्यात दोन बैल वळवायला जागा नाही. नांगर नाहीच, सगळं कुदळीने खणायचं.

आणि पीक पावसात नाही. पावसात घळीत व्हाळ असा धावतो की भात काय, म्हैस उभी राहणार नाही. दिवाळी झाली, पाणी ओसरलं की अख्खी वाडी घळीच्या तोंडाशी जमायची आणि व्हाळाला आडवा बांध घालायची. धोंडे ठरलेले, प्रत्येकाची जागा ठरलेली. फटींत ऐनाचा पाला, वर चिखल. पाणी चढलं की कडेच्या पाटाने ते कुणग्यांत फिरवायचं आणि भाताची लावणी करायची. हे वायंगणी भात. सगळीकडे भात घरात येऊन कणग्या भरल्या जातात तेव्हा आमचं अजून रोपात असायचं, आणि चैत्रात कापणी. जूनपासून पुढे घराघरांत भात संपत येतं तेव्हा आत्याच्या घरात ते वायंगणी तांदूळ असत. त्या उकड्या तांदळाची पेज पिऊन मी शाळेत गेलो आणि फायनल पास झालो.

वैशाख सरत आला की बांध काढायचा. ठेवायचा नाही, हा आमच्याकडचा पक्का रिवाज. आत्या नारळ फोडायची, मधला पहिला धोंडा आपल्या हाताने काढायची आणि व्हाळाला म्हणायची, "तुजी वाट तुला." मग बाकीचे धोंडे काढून कडेवर रचून ठेवायचे, पुढच्या वर्षी तेच लागतात. खालच्या वाडीत एकाने कंटाळा करून एका वर्षी बांध तसाच ठेवला होता. पाण्याने बांध नेला आणि त्याच्यासकट त्याचे सगळे गडगेही नेले. तेव्हापासून पावसात घळ पाण्याची, हे आमच्याकडे लहान पोरांनाही कळतं.

मग हे सगळं मला साहेबांच्या टेबलासमोर का आठवलं नाही? इतकी वर्षं मी स्वतःला हे विचारतोय. घळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमची घळ आलीच नाही. शाळेच्या वाटेवरची दुसरीच आली, तिच्यात एकदा आमचं वासरू पडलं होतं. कुणगे झाल्यापासून आमच्या जागेला आम्ही घरात मळा म्हणायचो. शिवाय कचेरीत बसून मला नवं शहाणपण आलं होतं. पीकपाहणीच्या रकान्यात भात म्हणजे पावसाळी भात. बाकीचं काय ते किरकोळ. रोज रकाने भरून भरून माझ्या डोक्यालाही रकाने पडले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि आमच्या घळीत तर बैलही नव्हता.

पुढच्या वर्षी नाकारलेल्या अर्जांचा गठ्ठा माझ्याकडे नोंदीला आला. चौदावा की पंधरावा अर्ज आत्याचा. तिने तो कुणाकडून तरी लिहून घेतला होता, मला त्रास नको म्हणून. खाली तलाठ्याचा शेरा: सदर जागा श्रावणात पाहिली, पीक उभे नाही, पाणी वाहते, सबब घळ, सबब कूळ लागत नाही.

मी ते चार वेळा वाचलं. तलाठ्याने एका शब्दाचीही चूक केली नव्हती.

साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. बांध, गडगे, वायंगण. साहेबांनी मन लावून ऐकलं आणि चष्मा काढून पुसला.

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"आठवलं नाही, साहेब."

"व्याख्या तुमचीच आहे हो."

"आपण ती दुरुस्त करू. श्रावणात किंवा माघात, एवढे दोन शब्द घालायचे."

"वरून मंजूर झालेली. तालुकाभर वापरलेली. आता कारकुनाच्या आत्याचा अर्ज फेटाळला आणि व्याख्या बदलली, असं झालं तर लोक तुम्हाला काय म्हणतील, आणि मला काय?"

ते खरं होतं. मग साहेब म्हणाले, "तिला फेरतपासणी मागू दे. मी स्वतः जागेवर येतो. जबान्या घेतो. त्यात ती जागा खरोखर तिच्या वहिवाटीत आहे असं आलं, तर मला काहीतरी करता येईल."

"माघात या, साहेब. भात उभं असतं. एकदा बघितलंत की..."

"बाकी सगळ्यांची पाहणी श्रावणात, आणि तुमच्या आत्याची माघात?" साहेबांनी चष्मा परत घातला. "श्रावणातच यावं लागेल."

मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला शिवी द्यावी तेही कळेना.

श्रावण आला. पाहणीच्या आदल्या दिवशीच मी गावी गेलो आणि आत्याला पडवीत बसवून पढवलं. "साहेब विचारतील, जागा कुणाच्या वहिवाटीत? तू सांगायचं, माझ्या. किती दिवस? सांगायचं, बारा महिने. बाकी एक अक्षर बोलायचं नाही."

"बरा," आत्या म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. तिच्या त्या 'बरा'वर मी विसंबलो. तिने मला वाढवलं, पण मी तिला अजून ओळखलं नव्हतं असंच म्हणायला हवं.

सकाळी साहेब आले. पावसाने पायवाट नुसती लोण्यासारखी झाली होती, साहेब दोनदा घसरून बसले, पण कुरकुरले नाहीत. नाखवाही आला होता. आता म्हातारा झालेला, डोक्याला पांढरी टोपी, हातात भली मोठी छत्री. मी त्याला चाचा म्हणायचो. आपणहून चार मैल चालत आला होता तो. आत्या डोक्यावर इरलं घेऊन कडेवर उभी होती. खाली व्हाळ तांबडा होऊन धावत होता. बोललेलं जेमतेम ऐकू येत होतं इतका आवाज.

साहेबांनी वाकून पाहिलं. "शेत कुठे आहे?"

"त्या पान्याखाली हाय," आत्या म्हणाली.

मी घाईघाईने साहेबांना कडेवर रचून ठेवलेले बांधाचे धोंडे दाखवले. एकावर एक नीट लावलेले, वर शेवाळ. "हे बघा साहेब, दर वर्षी हेच धोंडे..."

"कारकून, तुमच्या कोकणात धोंडे नाहीत अशी जागा दाखवा, मी तिची वेगळी नोंद करतो." साहेब चेष्टेने म्हणाले आणि घराकडे वळले.

जबान्या आमच्या पडवीत झाल्या. साहेब घोंगडीवर, मी समोर कागद घेऊन. लिहिणारा मीच, दुसरं कोण? आधी चाचा बोलला.

"साब, जमीन माझी. ह्या बायनं ती दगडातून काढलीन. तेवीस वर्षं मी ह्या घळीतला तांदूळ ईदेला खाल्लाय, ही दर साल पायली पाठवते. मी मालक सांगतोय, द्या तिला. आता आणखी कोणाला विचारायचा हाय?"

साहेब म्हणाले, "मालक आणि कूळ दोघांचं एक म्हणणं असलं की आमच्या नियमात तो पुरावा धरत नाहीत. उलट संशय धरतात."

चाचाने माझ्याकडे पाहिलं. मी कागदात मान घातली. भांडले असते तर ऐकलं असतं, भांडत नाहीत म्हणून संशय! पण त्या नियमाबद्दल मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो?

मग आत्याची पाळी आली. साहेब अगदी आदराने बोलले. "आत्याबाई, ही जागा वर्षभर तुमच्या वहिवाटीत असते ना?"

मी पढवलेलं उत्तर ओठांनी हळूच म्हणून दाखवलं. आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही. ती बाहेर, व्हाळाच्या आवाजाकडे बघत होती.

"वर्सभर कशी असंल, साहेब? पावसात ती पान्याची."

साहेबांनी तिला दुसरी संधी दिली, हे मला मान्य केलंच पाहिजे. "म्हणजे पावसात पाणी येतं. पण जागा तुमचीच असते, पाणी आलं तरी. असंच ना?"

"न्हाय, साहेब. बांध काडताना मी सोता त्याला सांगतंय, तुजी वाट तुला. देऊन टाकल्याली वस्तू ती. मग माजी कशी ऱ्हाईल? दिवाळी झाली की तो परत देतो. तवापासून माजी."

"अगो बाय, काय बोलतेस तू!" चाचा कळवळून म्हणाला.

"खोटा बोलू काय?" आत्या म्हणाली. "हय बसून? तो ऐकतोय ना."

साहेबांनी मला खूण केली. "लिहा."

मी लिहिलं. मी लिहिलं की पावसाळ्यात सदर जागेतून पाणी वाहते, इतर काळात जागा जबाब देणारीच्या वहिवाटीत असते. खोटं नव्हतं ते. फक्त जरा गुळगुळीत होतं. नियमाप्रमाणे जबानी वाचून दाखवायची असते, म्हणून मी ती भराभर वाचली. आत्याने हात वर केला.

"मी असा न्हाय बोल्ली. जागा पान्याची असते, असा बोल्ली. तसा लिव."

"आत्या, तेच आहे ते."

"ता न्हाय. तू पानी येता असा लिवलास. पानी येता म्हंजे पावना येतो तसा. पावना न्हाय तो, धनी हाय."

साहेब बघत होते. मी ओळ खोडली. खोडलेल्या ओळीवर सही करायची असते म्हणून सही केली. आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं की पावसाळ्यात सदर जागा पाण्याची असते, माझी नसते. पुन्हा वाचून दाखवलं.

"आता बरोबर लिवलास," आत्या म्हणाली आणि अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.

साहेब गेल्यावर मी तिच्यावर इतका ओरडलो की चाचाने माझा दंड धरला. काय काय बोललो ते आठवत नाही, आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. तुझ्या एका वाक्यापायी हातातली जागा गेली, असंही म्हणालो. तिच्या एका वाक्यापायी! माझं वाक्य तिला तोवर ठाऊक नव्हतं आणि ते सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. आत्या एवढंच म्हणाली, "ओरडू नको, जेव आनी मग जा." मी न जेवता निघालो.

निकाल कार्तिकात लागला. जागा नियमाप्रमाणे घळ, अर्जदाराने स्वतः जबाबात तसं मान्य केलेलं, सबब पोटखराबा, सरकारी. कूळ नाही, आणि मालक म्हणून चाचाचं नावही तेवढ्या तुकड्यावरून कमी. तिथे यापुढे बांध घालायचा नाही की लागवड करायची नाही, अशी समज तलाठ्याने द्यायची. चाचा देत होता, आत्या घेत होती, आणि दोघांमधून ती जागा अशा कुणाच्या तरी हातात गेली ज्याने ती कधी बघितलीही नव्हती. तिथे आता कुणी शेती करत नाही. वरचे दोन गडगे नंतरच्या पावसांत गेले, खालच्यांवर करवंदी चढली. नकाशात ती घळ आहे आणि आता ती खरोखरच घळ आहे. व्याख्या शेवटी बरोबर ठरली.

निकालाची नक्कल घेऊन मीच गावी गेलो. टपालाने पाठवावी असं फार वाटलं, पण तेवढा निर्लज्ज झालो नव्हतो.

पोचलो तेव्हा दुपार होत होती. वाडीतली माणसं नेहमीप्रमाणे बांध घालायला घळीच्या तोंडाशी जमली होती, पण तलाठी सकाळीच येऊन समज देऊन गेला होता. ऐनाचा पाला कापून आणलेला तसाच पडला होता. माणसं जरा वेळ बसून, एकेक करून उठून गेली. आत्या एकटी धोंड्यांच्या राशीपाशी बसली होती. शेजारी पेजेचं मडकं होतं, कामाला येणाऱ्यांसाठी आणलेलं. मी श्रावणातल्या ओरडण्याबद्दल काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "कागद वाच."

मी या वेळी मान हलवली नाही. सुरुवातीपासून वाचला. निकालात ती व्याख्या पूर्ण उतरवलेली होती. दोन्ही कडा सहा फुटांवर, नांगर चालत नाही असा उतार, तळाशी दगडगोटे.

"थांब," आत्या म्हणाली. "ता परत वाच."

परत वाचलं.

"ह्या लिवनारा हिकडचाच हाय," ती म्हणाली. "भायेरच्याला नांगराचा कलायचा न्हाय. तो नुसता खड्डा लिवनार. ह्यानं घळ बघितलीन हाय. चांगली बघितलीन हाय." तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "पुडं?"

पुढचं वाक्य मी वाचलं. ज्या जागेत श्रावणात पीक उभे नसते.

आत्याने वळून घळीकडे पाहिलं. घळीत पाणी आता बारीक झालं होतं, बांध घालायला अगदी बेताचं.

"हिकडचा असून त्याला वायंगन ठावा न्हाय?"

मी म्हणालो, "आत्या, ते मी लिहिलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मडकं जवळ ओढलं, वाडग्यात पेज ओतली आणि वाडगा माझ्यापुढे ठेवला, लहानपणी ठेवायची तसाच.

"मंग इतकी वर्सा तू खाल्लास ता काय व्हता?" तिने विचारलं.